शिरोरेषा का तुटली?

घरी बनवलेल्या सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या हुकुमावर कटर फिरवणाऱ्या मशीनवर, कोरलेली पहिली पाटी मी टाकून दिलेली नाही. सागवानाची फळी, त्यावर घराचं नाव: कृष्णाई. 'कृ' जागच्या जागी आहे, 'ष्णा' तीन मिलिमीटर खाली घसरलाय आणि 'ई' त्याच्याही खाली. इंग्रजी अक्षरं असती तर एखाद्याच्या नजरेतून सुटलंही असतं. देवनागरीत वर शिरोरेषा असते, ती मशीनची सगळी कुंडली मांडते. सांगलीच्या घाटाच्या पायऱ्या दिसाव्यात तशी माझी शिरोरेषा उतरत गेली होती.

खरी गंमत म्हणजे मशीनला यातलं काहीच कळलं नव्हतं. कुठे थांबलं नाही, तक्रार केली नाही. स्क्रीनवर काम पूर्ण झाल्याचं दाखवलं आणि कटर इमानदारीत वर उचलला.

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत व्हीएमसी, म्हणजे कारखान्यातलं मोठं सीएनसी मशीन, चालवणाऱ्या कोणालाही विचारा, त्याच्या मशीनला सर्व्हो मोटर असते आणि तिच्या मागे एन्कोडर. मोटर खरोखर किती फिरली ते एन्कोडर सतत कंट्रोलरला, म्हणजे मशीनच्या मेंदूला, कळवत असतो. 1952 साली अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठाने भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर चालणारं मिलिंग मशीन जगाला दाखवलं, त्यातही ही उलट खबर देण्याची सोय होती. घरगुती मशीनमध्ये मात्र बहुतेक जण स्टेपर मोटर लावतात, कारण ती स्वस्त पडते. तिला हुकूम जातो, तिच्याकडून पोच येत नाही. हुकूम म्हणजे पल्स, विजेचा छोटासा धक्का. 'सोळाशे पल्स दिल्या म्हणजे एक फेरा झाला' हे कंट्रोलर गृहीत धरतो. डोळे बांधून पावलं मोजत अंगणात फिरणाऱ्या माणसासारखा.

पावलांचं गणित सोपं आहे. नेहमीची स्टेपर मोटर एका स्टेपला 1.8 अंश फिरते, म्हणजे एका फेऱ्याला 200 स्टेप. ड्रायव्हर, म्हणजे मोटरला करंट पुरवणारं सर्किट, प्रत्येक स्टेपचे आठ तुकडे करतो, झाल्या 1600. मोटरच्या फिरण्याचं सरळ सरकणं करणारा माझा बॉलस्क्रू एका फेऱ्यात 5 मिमी सरकवतो. भागाकार केला की मिलिमीटरला 320 पल्स, म्हणजे एका पल्सला साधारण तीन मायक्रॉन. लाकूडकामाला ही बारकाई चैनच आहे.

हे मोजणारा कंट्रोलर म्हणजे आर्डुइनो उनो नावाचा तळहातापेक्षा लहान बोर्ड. त्यातल्या चिपची कामचलाऊ स्मृती (रॅम) फक्त 2 किलोबाइट, वेग 16 मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके. आजच्या मोबाइलपुढे अगदीच गरीब. पण त्यावर चालणारं ग्रबल हे मोफत सॉफ्टवेअर, 2009 मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी सुरू केलेलं, या गरिबीत टुकीने संसार करतं. कटर मिनिटाला 3000 मिमी वेगाने चालला तर सेकंदाला 16,000 पल्स लागतात. म्हणजे दोन पल्समध्ये चिपला हजार ठोके मिळतात. तेवढ्यात पुढचा हिशेब करून पल्स वेळेवर सोडायची. लॅपटॉप कितीही ताकदवान असला तरी मधेच अपडेट शोधत बसतो. या बोर्डाला दुसरं कामच नाही.

तिरकी रेघ कशी मारतो, तेही पाहण्यासारखं आहे. समजा एक्स दिशेला 10 स्टेप जायचंय आणि वायला 4. कंट्रोलर भागाकार करत नाही, वाण्याच्या वहीसारखं खातं ठेवतो. एक्सच्या प्रत्येक स्टेपला वायच्या खात्यात 4 जमा. खात्यात 10 झाले की वायची एक स्टेप मारायची आणि 10 वजा करायचे, उरलेले पुढे ओढायचे. नुसती बेरीज-वजाबाकी, आणि दहाव्या स्टेपला खातं बरोबर चुकतं झालेलं. ही युक्ती आयबीएममधल्या जॅक ब्रेसेनहॅम यांनी 1962 मध्ये कागदावर रेघा काढणाऱ्या प्लॉटरसाठी काढली होती.

म्हणजे मोजणी चोख होती. मग शिरोरेषा का तुटली?

कॅलिपर लावल्यावर धागा मिळाला. स्टेपर मोटरच्या रोटरवर 50 दात असतात. तिला झेपलं नाही आणि ती घसरली, तर चूक एखाद-दुसऱ्या पल्सची नसते. ती पुढच्या सारख्याच जागेवर जाऊन बसते, म्हणजे चार पूर्ण स्टेपच्या पटीत चुकते. चार स्टेप म्हणजे 7.2 अंश, माझ्या स्क्रूवर 0.1 मिमी. माझी चूक बरोबर 3 मिमी भरली, म्हणजे अशा तीस घसरण्या. मोटर आणि बॉलस्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचा स्क्रू ढिला असता तर चूक इतकी हिशेबात आली नसती. मोटरने स्टेप खाल्ल्या होत्या.

कारण दुहेरी निघालं. वाय दिशेला अख्खी गॅन्ट्री, म्हणजे कटर धरणारी आडवी कमान, हलते, तीच सगळ्यात जड, आणि मी उत्साहाच्या भरात तिचं त्वरण एक्सइतकंच ठेवलं होतं. दुसरं म्हणजे मोटरना वीज देणारा 24 व्होल्टचा सप्लाय (एसएमपीएस). मोटरच्या कॉइलमध्ये करंट एकदम चढत नाही. मोटर जितकी जोरात, तितका प्रत्येक स्टेपला वेळ कमी. करंट पुरता चढायच्या आत पुढची पल्स येते आणि जोर कोसळतो. व्होल्टेज जास्त असेल तर करंट लवकर चढतो. ड्रायव्हरला चालत होतं म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीतून 36 व्होल्टचा सप्लाय आणला, त्वरण तिसऱ्या हिश्शावर आणलं. शिरोरेषा सरळ झाली.

आठवडाभर आनंदात गेला. मग नवं दुखणं सुरू झालं: स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटर, सुरू केला की 'अलार्म 1'. गॅन्ट्री टोकाच्या लिमिट स्विचला धडकली, असं मशीनचं म्हणणं. गॅन्ट्री तर टेबलाच्या मधोमध उभी! ओळखीच्या वायरमन काकांनी पॅनेल उघडलं आणि पाहताक्षणीच म्हणाले, "पोरा, ह्या दोन वायरी एकाच पट्टीत कशाला घातल्यास? एक वरडतीया, दुसरी ऐकतीया."

याहून नेमकं कोणी सांगितलं नसतं. स्पिंडलचा वेग ठरवणारा व्हीएफडी करंट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, आणि शेजारून समांतर जाणाऱ्या स्विचच्या वायरीत त्याचे धक्के उमटतात. मी स्विच साध्या पद्धतीने जोडले होते: उघडे असताना वायर पाच व्होल्टवर, दाबला की शून्यावर. पण तिला पाच व्होल्टवर धरून ठेवणारा चिपमधला रेझिस्टर 20 ते 50 किलोओहमचा, म्हणजे करंगळीने धरलेला पतंगाचा मांजा. एक क्षणिक धक्का, व्होल्टेज 1.5 च्या खाली, आणि ग्रबल तेवढ्यावरच सगळं थांबवतं.

उपाय उलट्या जोडणीत होता. स्विच एरवी आतून जोडलेला ठेवायचा, म्हणजे वायर थेट ग्राउंडला घट्ट बांधलेली, शून्य व्होल्टवर. धडक बसली की हा जोड उघडतो आणि व्होल्टेज वर जातं. सांगलीकराला हे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीवरून समजतं: 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. इथे धोक्याची पातळी 3 व्होल्ट, आणि पाणी तळाला वाहतं ठेवलेलं. लहानसहान लाट आली तरी ती तिथवर पोचत नाही. शिवाय वायर तुटली तरी मशीन थांबतं. आधीच्या जोडणीत तुटलेली वायर आणि न दाबलेला स्विच यांत फरकच नव्हता. सेटिंगमध्ये एक आकडा बदलावा लागला, बस.

त्याबरोबर मोटरच्या आणि स्विचच्या वायरी वेगळ्या पट्ट्यांतून नेल्या, जिथे भेट टळत नाही तिथे काटकोनात ओलांडल्या. स्विचला शील्डेड, म्हणजे धातूच्या जाळीने वेढलेली, केबल घातली, तिची जाळी एकाच टोकाला, पॅनेलच्या बाजूला, आर्थ केली. दोन्ही टोकांना केली असती तर जाळीतूनच करंट फिरण्याची भीती. स्विच आणि चिप यांच्यामध्ये 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि एक रेझिस्टर टाकला. सूक्ष्म धक्के तो गाळतो, हाताने दाबलेला स्विच मात्र त्यातून सहज पोचतो.

एक ड्रायव्हर या सगळ्यात जळाला, दोष माझाच. चालू असताना मोटरचा प्लग ओढला. कॉइलमधला करंट अचानक तोडला की ती व्होल्टेज उसळवते, आणि ते सगळं ड्रायव्हरच्या अंगावर येतं. इमर्जन्सी बटणाचंही आधी असंच अर्धवट होतं: ते फक्त आर्डुइनोला निरोप द्यायचं. आता ते काँटॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, सोडतं, स्पिंडल आणि ड्रायव्हर दोघांचाही सप्लाय जातो. 230 व्होल्टची ती बाजू काकांनीच जोडली, मी बॅटरी धरून उभा होतो.

आता नवं काम लावण्याआधी एक परीक्षा घेतो. गॅन्ट्रीला डायल गेज, म्हणजे सूक्ष्म सरक दाखवणारं काट्याचं मापक, टेकवून काटा शून्यावर आणायचा, तासभर हवेत जोरजोरात नक्षी काढायला लावायची, आणि परत मूळ जागी बोलवायचं. परवा काटा दोन शतांश मिलिमीटरवर थांबला. पॅनेल 2019 च्या पुराची रेघ बघून, भिंतीवर तिच्या वर बसवलंय, आणि त्याच्या दारावर ती घसरलेली 'कृष्णाई' लावलीय.