दुर्बिणीतली फुली

मार्च 2010 मध्ये अमेरिकेतल्या रिपब्लिकन नेत्या सारा पेलिन यांच्या राजकीय समितीने अमेरिकेचा एक नकाशा प्रसिद्ध केला. डेमोक्रॅटिक पक्षाच्या 20 मतदारसंघांवर त्यात बंदुकीच्या दुर्बिणीत दिसतात तशा वर्तुळातल्या फुल्या होत्या, म्हणजे क्रॉसहेअर. त्यांपैकी एका मतदारसंघाच्या प्रतिनिधी गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यावर 8 जानेवारी 2011 रोजी टूसॉनमध्ये गोळी झाडली गेली. हल्लेखोराचा त्या नकाशाशी संबंध असल्याचा पुरावा कधीच मिळाला नाही, पण वाद पेटला. तेव्हा पेलिन यांच्या एका सहकारी म्हणाल्या की ते तर भूमापकांचं चिन्ह आहे.

मला हा खुलासा पटत नाही. इंग्रजीत कुणाच्या ‘क्रॉसहेअरमध्ये येणं’ म्हणजे त्याच्या निशाण्यावर येणं; आपल्या बातम्यांत कुणी ‘ईडीच्या रडारवर’ येतं, तसंच. तरीही ही फुली बंदुकीवर येण्याआधी मोजणाऱ्यांच्या हाती होती, हे खरंच आहे.

1640 च्या सुमारास यॉर्कशरमधला तरुण विल्यम गॅस्कॉइन दुर्बिणीशी खटपट करत होता. नळीत कोळ्याने एक धागा ताणला होता, आणि तो दूरच्या वस्तूइतकाच ठळक दिसला. हे घडलं, कारण त्याची दुर्बीण खगोलशास्त्रज्ञ केपलरने सुचवलेल्या दोन बहिर्गोल भिंगांची होती. तिच्यात पुढचं भिंग वस्तूची प्रतिमा नळीच्या आतच उमटवतं आणि नेत्रिका, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, ती मोठी करून दाखवते. धागा नेमका त्या प्रतिमेच्या प्रतलात आला, की दोन्ही एकदम स्पष्ट. गॅलिलिओच्या दुर्बिणीची नेत्रिका अंतर्गोल. तिथे नळीत प्रतिमा तयारच होत नाही, मग धागा ठेवणार कुठे? गॅस्कॉइनने या योगायोगातली शक्यता ओळखली आणि आकाशातली कोनीय अंतरं मोजायला मायक्रोमीटर बनवला. 1644 मध्ये, जेमतेम बत्तिशीत, मार्स्टन मूरच्या लढाईत राजाच्या बाजूने लढताना तो मारला गेला. फार मोठं नुकसान झालं ते.

फुली प्रतिमेच्या प्रतलाच्या जराशी पुढे-मागे राहिली, तर डोळा हलवताच ती वस्तूवरून सरकते. हा पॅरॅलॅक्स. म्हणून भूमापक आधी नेत्रिका फिरवून फुली ठळक करून घेतो, मगच दूर उभ्या धरलेल्या स्टाफवर, म्हणजे आकडे आखलेल्या लांब पट्टीवर, फोकस करतो. मधल्या आडव्या रेषेच्या वर-खाली त्याला दोन आखूड रेषाही दिसतात. त्यांच्यापाशी स्टाफवर 1.62 आणि 1.34 मीटर वाचलं, तर फरक 0.28, बहुतेक उपकरणांत त्याला 100 ने गुणायचं, म्हणजे स्टाफ 28 मीटरवर उभा आहे.