ग्लुकोज आणि मिथाइलग्लायॉक्साल: ग्लायकेशन एक, तऱ्हा दोन

रक्तातली साखर प्रथिनांना चिकटते, हे मधुमेहाची औषधं चालू असलेल्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं. एचबीए१सी तपासणी त्याचीच मोजणी करते. पण प्रथिनांना असंच चिकटणारा मिथाइलग्लायॉक्साल नावाचा आणखी एक, बराच लहान रेणू आहे. दोन्हींना ‘ग्लायकेशन’च म्हणतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

एन्झाइम (रासायनिक क्रियेला गती देणारं प्रथिन) दोघांनाही लागत नाही. ॲल्डिहाइड गट, म्हणजे रेणूच्या टोकाचा जोडणीला तयार असलेला भाग, प्रथिनातल्या नायट्रोजनला गाठतो आणि जोडणी होते. फरक आहे तो वेगात आणि जागेत.

ग्लुकोज रक्तात भरपूर, उपाशीपोटी लिटरमागे साधारण ५ मिलिमोल. पण त्याचे जवळपास सगळे रेणू कड्याच्या रूपात बंद असतात. ॲल्डिहाइड मोकळा असलेले लाखात दोनच्या आसपास. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकावरच्या व्हॅलिनशी (अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला एक दुवा) आधी कच्ची जोडणी होते, तिला शिफ बेस म्हणतात. साखर उतरली तर ती सुटते. न सुटल्यास अणूंची फेररचना होऊन ती पक्की होते. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून पक्क्या जोडण्यांच्या टक्क्यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर कळते.

मिथाइलग्लायॉक्साल रक्तात नावापुरतंच असतं, पण तीन कार्बनच्या या रेणूला तसं कडं करून बसता येत नाही. ग्लुकोजच्या मानाने ते हजारो पटींनी चपळ. पेशीत ग्लुकोज तुटताना बनणारे तीन कार्बनचे फॉस्फेट आपोआप फॉस्फेट गमावतात आणि ते तयार होतं. त्याचा रोख मुख्यतः आर्जिनिन या अमिनो आम्लावर.

अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनात हे छान दिसतं. ग्लुकोजची मुख्य जागा ५२५व्या क्रमांकाचं लायसिन (हेही अमिनो आम्लच), मिथाइलग्लायॉक्सालची ४१०व्या क्रमांकाचं आर्जिनिन. हे आर्जिनिन आयबुप्रोफेनसारखी औषधं बसतात त्या खाचेत आहे. जोडणीनंतर त्याचा धनभार जातो आणि खाचेची पकड बिघडते. माझ्या मते दोघांतला सर्वांत महत्त्वाचा फरक हाच: थोडंसं मिथाइलग्लायॉक्साल मोक्याच्या जागी बसतं.

त्याला आवर घालणारी ग्लायॉक्सॅलेज एन्झाइमं १९१३ पासून माहीत आहेत. पेशीतल्या ग्लुटाथायोन नावाच्या छोट्या रेणूच्या मदतीने ती त्याचं डी-लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचं एक रूप) करतात. पेशीत ग्लुकोजचा पूर आला की मिथाइलग्लायॉक्सालही वाढतं, पण एचबीए१सीच्या आकड्यात त्याने केलेल्या जोडण्या धरलेल्या नसतात. त्या अचूक मोजायला सहसा मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचं वजन मोजणारं यंत्र, लागतो.