कोल्ड्रिंकवरचा 40 टक्के कर साखरेवर नाही

सोलापूरचा पारा 43 वर गेला की सात रस्ता चौकातल्या टपरीवर हमखास ऐकू येतं, "आपल्याकडं साखरेवर कर आहेच की, 40 टक्के!"

नाही. कोल्ड्रिंकवर 2017 पासून 28 टक्के जीएसटी आणि वर 12 टक्के भरपाई उपकर (राज्यांचा बुडालेला महसूल भरून द्यायचा जादा कर) होता. सप्टेंबर 2025 पासून सरळ 40 टक्के जीएसटी. पण हा कर साखर मोजतच नाही. 250 मिलीच्या कोलात पाच-सहा चमचे साखर, शेजारच्या डाएट बाटलीत शून्य, आणि कराचा दर दोन्हींना एकच! मग कंपनी साखर कमी करेल कशाला?

ब्रिटनमध्ये 2018 साली कोल्ड्रिंकच्या 100 मिलीत 5 ग्रॅम साखरेपासून कर लागला, 8 ग्रॅमपासून जास्त. बऱ्याच कंपन्यांनी मुकाट्यानं साखर घटवली. घरोघरी मधुमेहाच्या गोळ्या असलेल्या आपल्या शहरासाठी मला असाच टप्प्यांचा कर हवा आहे.