पार्श्वभूमी : कोलिस्टिनचा रिपोर्ट आणि 2 चा आकडा

आयसीयूतल्या पेशंटचा कल्चर रिपोर्ट (कोणता जंतू वाढला आणि कोणतं औषध त्याला मारतं याचा) आला की नाशिकमध्ये काय किंवा पुण्यात काय, डॉक्टरांची नजर आधी कोलिस्टिन या शेवटच्या फळीतल्या अँटिबायोटिकच्या ओळीवर जाते. वरच्या औषधांपुढे बहुतेक 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे जंतू दाद देत नाही) लागलेलाच असतो.

1940च्या दशकाअखेरीस सापडलेलं हे औषध किडनीला त्रास देतं म्हणून 1970च्या दशकात बाजूला पडलं. कार्बापेनेम ही भारी अँटिबायोटिक्स निकामी होऊ लागल्यावर ते परत आलं, तेव्हा लॅबनी त्याला इतर औषधांसारखंच डिस्कवर तपासलं: जंतू पसरलेल्या प्लेटवर औषधाची चकती ठेवायची आणि तिच्याभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ, म्हणजे झोन, मोजायचं. डिस्कची पद्धत 1966 मध्ये प्रमाणित झालेली, स्वस्त आणि हातात बसलेली. पण कोलिस्टिनचा रेणू मोठा, तो आगारमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या जेलीत, नीट पसरतच नाही. निकाल वाचायच्या जुन्या तक्त्यात झोन 10 मिमी किंवा कमी म्हणजे प्रतिकारक, 11 किंवा जास्त म्हणजे संवेदनशील. प्लेट उलटी धरून पट्टीने झोन मोजणाऱ्याला त्या एका मिलिमीटरची किंमत ठाऊक असते. ग्रेडियंट स्ट्रिपचंही (चढत्या प्रमाणात औषध लावलेल्या, आगारवर ठेवायच्या पट्टीचंही) दुखणं तेच, फक्त तिच्यावर आकडा छापलेला असल्याने रिपोर्ट भारदस्त दिसतो.

2015 च्या अखेरीस प्लाझमिडवरून (एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावरून) पसरणारा कोलिस्टिनचा प्रतिकार चीनमधून नोंदला गेला. 2016 मध्ये अमेरिकी आणि युरोपीय मानककर्त्यांनी मिळून ब्रॉथ मायक्रोडायल्युशन, म्हणजे ब्रॉथ या पातळ माध्यमात औषधाची दुपटीने वाढती प्रमाणं ठेवून जंतू कुठे थांबतो ते पाहणं, हीच संदर्भ पद्धत ठरवली. त्यात कोलिस्टिनचं सल्फेट वापरायचं आणि सर्फॅक्टंट (साबणासारखं रसायन) घालायचं नाही. भारतात कोंबड्यांच्या खाद्यातलं कोलिस्टिन 2019 च्या जुलैमध्ये बंद झालं; नाशिक जिल्ह्यातल्या पोल्ट्रीवाल्यांनाही ते लागू झालं.

खरा वाद 2020 मधला. अमेरिकी तक्त्यातून कोलिस्टिनपुढचा 'एस' (संवेदनशील) काढूनच टाकला. एमआयसी (जंतूची वाढ थांबवणारं औषधाचं सर्वांत कमी प्रमाण, दर मिलिलिटरला मायक्रोग्रॅममध्ये) 2 किंवा कमी असेल तर 'इंटरमीडिएट', म्हणजे मधला, 4 किंवा जास्त असेल तर 'रेझिस्टंट'. कारण असं की किडनी सांभाळून देता येईल तेवढ्या डोसात रक्तातली पातळी पुरेशी जात नाही, फुप्फुसात तर त्याहून कमी. युरोपने 2 पर्यंत 'संवेदनशील' ठेवलं, पुढे तो आकडा कंसात घातला, म्हणजे जपून वापरा असा इशारा दिला. म्हणजे एकच जंतू, एकच एमआयसी, आणि लॅब कोणता तक्ता पाळते त्यावर रिपोर्टचं अक्षर बदलतं. त्यात मायक्रोडायल्युशनमध्ये एका पायरीचा, म्हणजे दुपटीचा किंवा निम्म्याचा, फरक चालतो; आज 2 आलेला जंतू उद्या 4 येऊ शकतो. अमेरिकी निर्णय औषधशास्त्राला धरून आहे, पण तो घेणाऱ्यांच्या हाताशी नवी औषधं होती. आपल्याकडे एनडीएमवाले (कार्बापेनेम तोडणारं एन्झाइम बनवणारे) जंतू पुष्कळ, त्यांच्यापुढे सेफ्टाझिडीम-अविबॅक्टम हे नव्यांपैकी एक औषध एकटं चालत नाही, आणि बिल पाहून नातेवाईक गप्प होतात. तिथे 'इंटरमीडिएट' वाचून डॉक्टरांनी नेमकं काय करायचं, याचं उत्तर तक्ता देत नाही.

लहान लॅबच्या कामाची सोय मात्र त्याच सुमाराला मान्य झाली, तिची चर्चा कमी झाली. 10 मिलि ब्रॉथच्या चार नळ्या घ्यायच्या. पहिलीत काही नाही, पुढच्या तिघींत 10 मायक्रोग्रॅमच्या 1, 2 आणि 4 डिस्क. औषध अर्धा तास उतरू द्यायचं, मग जंतू घालून रात्रभर इनक्युबेटरमध्ये. पहिली गढूळ झालीच पाहिजे. बाकीच्यांत कुठली सर्वांत कमी डिस्कची नळी स्वच्छ राहिली ते बघायचं; तिच्यातल्या डिस्कची संख्या हाच एमआयसीचा आकडा. डिस्क तीच जुनी, फक्त आगारमधून उचलून ब्रॉथमध्ये टाकलेली. ही सोय एंटेरोबॅक्टेरेल्स (ई. कोलाय, क्लेबसिएला वगैरे जंतूंचा गट) आणि स्युडोमोनास एरुजिनोसा या जंतूपुरतीच आहे. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये वारंवार सापडणाऱ्या अॅसिनेटोबॅक्टरसाठी अजूनही मायक्रोडायल्युशनच लागतं.