आप्पांचा ट्रान्झिस्टर

नोव्हेंबर लागला की आमच्या चोपड्याकडचे पेन्शनर फौजी बँकेच्या ओट्यावर दिसू लागतात. हयातीचा दाखला द्यायचा असतो. २०१४ पासून तो बोटाच्या ठशावर घरबसल्याही देता येतो, पण ही मंडळी एसटी पकडून येतातच. आपण जिवंत आहोत हे सरकारला सांगणं निमित्तापुरतं. सोबतचे कोण कोण उरलेत ते बघायचं असतं.

माझे चुलत आजोबा, अख्ख्या गावाचे आप्पा, १९६८ साली १९ व्या वर्षी तोफखान्यात भरती झाले. ट्रेनिंग नाशिक रोडला. शेजारच्या गावचे बापू त्यांच्याच तोफेवर. १९७१ च्या डिसेंबरात दोघं पश्चिम सीमेवर २५ पाउंडर तोफेच्या सहा जणांत होते, बापू दोन नंबर आणि आप्पा चार नंबर. म्हणजे गोळा तोंडाशी आणायचा आप्पांनी, ठासायचा बापूंनी.

गेल्या वर्षी त्या ओट्यावर दोघांना चहा आणून दिला आणि त्यांची जुनी कुस्ती पुन्हा लागली. आप्पांच्या गोष्टीचा शेवट मी लहानपणापासून ऐकत आलोय. १६ डिसेंबरची संध्याकाळ, तोफेच्या खड्ड्यात कुणाच्या तरी मांडीवर ट्रान्झिस्टर, खरखर, आणि तिच्यातून इंदिरा गांधी सांगतायत की ढाका आता स्वतंत्र देशाची स्वतंत्र राजधानी आहे. "माले तं तिना आवाज याद शे," आप्पा म्हणतात.

बापू बशीतला चहा संपवून म्हणाले, "ट्रान्झिस्टर व्हताच कोठे? तो तू सुट्टीवर येताना अमृतसरले लिधा."

"तू व्हता का मी व्हतू?"

"दोन्ही व्हतूत ना भो!"

घरी आल्यावर आप्पांची काळी ट्रंक उघडली. डिस्चार्ज बुक, मेडल, नॅप्थलीनच्या गोळ्या, आणि तळाशी पणजीने जपून ठेवलेली पत्रं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात गावाचं नाव नाही, नुसते आकडे आणि '५६ एपीओ', म्हणजे फौजेचं पोस्ट. एकावर तारीख १८ डिसेंबर १९७१. "ती. आईस शि. सा. नमस्कार. वि. वि. काल रात्री आठ वाजता लढाई थांबली. सुभेदार साहेबांनी येऊन सांगितले. ढाका पडल्याचेही तेव्हाच समजले. मी खुशाल आहे. कापसाची वेचणी झाली का?"

पश्चिम सीमेवरची युद्धबंदी १७ डिसेंबरला रात्री आठलाच लागू झाली, म्हणजे पत्र बरोबर आहे. ट्रान्झिस्टर नाही, इंदिरा गांधी नाहीत, १६ तारीखही नाही. आहेत ते एक सुभेदार साहेब.

आता आप्पा खोटं बोलतात का? मुळीच नाही. शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाशी वाद झाला तेव्हाही स्वतःच्या विरुद्ध जाणारी साक्ष देणारा हा माणूस. गोष्ट अशी आहे की मेंदू आठवण जशी ठेवतो असं आपल्याला वाटतं, तशी तो ठेवतच नाही. अमेरिकेतल्या उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने हे स्वतःवरच दाखवून दिलं. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा आपण रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होतो आणि मध्येच बातमी आली, असं त्याला वर्षानुवर्षं लख्ख आठवत होतं. मग एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की तो दिवस १९४१ च्या ७ डिसेंबरचा, आणि डिसेंबरात बेसबॉल खेळतच नाहीत.

पुढे नायसरने निकोल हार्श हिच्यासोबत याची रीतसर परीक्षा घेतली. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, बातमी कुठे ऐकली, कुणी सांगितली, तुम्ही काय करत होता. अडीचेक वर्षांनी त्यांच्यातल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. ११ जणांची दोन उत्तरं कुठेच जुळली नाहीत. सगळ्यांचा सरासरी आत्मविश्वास मात्र पाचापैकी चाराच्या वर! याहून गंमत अशी, की स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवल्यावरही काही जण म्हणाले, असेल बुवा लिहिलेलं, पण मला आठवतं ते असंच.

आप्पांच्या बाबतीत काय झालं असावं याचा अंदाज बांधता येतो. इंदिरा गांधींचं ते वाक्य नंतर दर विजय दिवसाला रेडिओवर, टीव्हीवर वाजत आलंय. अमृतसरचा ट्रान्झिस्टरही खराच. मेंदूत मजकूर टिकतो, तो कुठून आला त्याची पावती हरवते. मग खरा आवाज, खरा ट्रान्झिस्टर आणि खरा खड्डा यांची मोट एकत्र बांधली जाते, आणि आप्पांना गाठ कुठे दिसत नाही.

बरं, सगळंच धूसर झालं म्हणावं तर तसंही नाही. फौजेतून १९८५ ला आल्यावर आप्पांनी सूतगिरणीत बारा वर्षं वॉचमनकी केली. त्या बारा वर्षांबद्दल विचारा, चार वाक्यांत संपतात. फौजेतली पहिली चार वर्षं मात्र रात्रभर पुरतात. हेही फक्त आप्पांचं नाही. उतारवयातल्या लोकांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या आणि त्या कुठल्या वयातल्या आहेत ते मांडलं, तर साधारण दहा ते तीस या वयावर टेकाड उभं राहतं. डेव्हिड रुबिन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ते आकड्यांनी दाखवलं. कारणं एकापेक्षा जास्त आहेत. त्या वयात सगळं पहिल्यांदा घडतं आणि मी कोण हेही तेव्हाच ठरत असतं. चोपड्याच्या पलीकडे न गेलेला पोरगा पहिल्यांदा रेल्वेत बसतो, पहिल्यांदा हिंदीत शिव्या खातो, पहिल्यांदा सरदारजीच्या हातचे राजमे खातो. वॉचमनकीत पहिली रात्र आणि शेवटची रात्र सारखीच.

त्यात लढाईची भर. भीती वाटली की नॉरॲड्रेनलिन नावाचं रसायन उसळतं, मेंदूच्या आतला बदामाएवढा भाग, अमिग्डाला, जागा होतो आणि शेजारच्या, नव्या आठवणी नोंदवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला जणू सांगतो, हे पक्कं कर. म्हणून गोळा अंगावर येतानाची शिट्टी पन्नास वर्षांनीही जशीच्या तशी ऐकू येते. पण ही पक्की करण्याची मेहरबानी ज्यावर नजर खिळली तेवढ्यावरच होते. कडेचं सगळं निसटतं. आणि भीती फारच वाढली तर मधलंही निसटतं, हे मला वाचेपर्यंत पटलं नसतं. चार्ल्स मॉर्गन यांच्या गटाने २००४ मध्ये अमेरिकन फौजेतल्या ५०९ जणांवरचा अभ्यास छापला. शत्रूच्या हाती सापडल्यावर कसं तगायचं याचं ते प्रशिक्षण. त्यात अर्ध्या तासाहून जास्त वेळ समोरासमोर चौकशी चालते, कधी नुसत्या प्रश्नांनी, कधी अंगाला हात लावून. एका दिवसाने काहींसमोर, चौकशी करणाऱ्याला ओळख म्हणून, माणसांची रांग उभी केली. सौम्य चौकशी करणाऱ्याकडे ६२ टक्क्यांनी बरोबर बोट दाखवलं, कडक चौकशी करणाऱ्याकडे फक्त ३० टक्क्यांनी. चेहरा हातभर अंतरावर होता, दिवसही एकच उलटला होता.

१९९१ च्या आखाती युद्धातून परतलेल्या ५९ जणांना स्टीव्हन साउथविक यांच्या गटाने एका महिन्याने आणि मग दोन वर्षांनी तेच १९ प्रश्न विचारले, अमुक प्रसंग तुमच्यासमोर घडला का, हो की नाही. ८८ टक्के लोकांचं निदान एक उत्तर बदललं. ज्यांना युद्धाचा त्रास अजून जास्त होत होता, त्यांना दुसऱ्या खेपेला जास्त प्रसंग आठवत होते. म्हणजे आजचं दुखणं कालच्या आठवणीला पाणी घालतं.

पाण्यावरून आठवलं. आमच्याकडे केळीचा पिलबाग धरतात. एकदा घड कापला की ते खोड संपलं, शेजारून निघालेलं पील वाढवायचं. पाच वर्षांनी बागेत उभी असलेली केळ ही लावलेली केळ नसते, पण जात तीच, चव तीच, जागा मात्र हातभर सरकलेली. आठवणीचं जवळपास असंच चालतं असं आता मानायला जागा आहे. करीम नादेर, ग्लेन शाफी आणि जोसेफ लेडू यांनी २००० साली उंदरांना एका आवाजाची भीती शिकवली. दुसऱ्या दिवशी तो आवाज ऐकवून आठवण जागी केली आणि लगेच अमिग्डालात नवी प्रथिनं तयार होऊ न देणारं औषध सोडलं. भीती पुसली गेली. आवाज न ऐकवता तेच औषध दिलं तर काही फरक पडला नाही. म्हणजे पक्की झालेली आठवण बाहेर काढली की थोडा वेळ ओली होते, आणि परत ठेवायला ती पुन्हा बांधावी लागते. उंदरावरून माणसावर उडी मारताना जपायला हवं, माणसांवरच्या प्रयोगांत निकाल इतके सरळ येत नाहीत. तरी आप्पांनी ती संध्याकाळ किती वेळा बाहेर काढली असेल? लग्नाच्या मांडवात, आखाजीला, कानबाईच्या जागरणात. दरवेळी समोरची पोरं डोळे मोठे करून ऐकणारी. सुभेदाराने येऊन सांगितलं, यावर कोण डोळे मोठे करतंय?

तोंडाने सरकत जाणारी गोष्ट हात मात्र सरकू देत नाहीत. त्या दिवशी ओट्यावर भांडण रंगात आलं आणि बापू एकदम म्हणाले, "दे गोळा." आप्पा, ज्यांना चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, ते गुडघ्यात वाकले, रिकाम्या हवेतून ११ किलोंचा गोळा दोन्ही हातांवर उचलला, डावा हात टोकाखाली, उजवा बुडाला, वळले, आणि बापूंची मूठ नेमकी त्याच क्षणी पुढे गेली. ५० वर्षांत दोघांनी मिळून हे केलेलं नव्हतं. ही आठवण वेगळ्या कोठारात असते, मेंदूच्या बुडाशी असलेल्या गाठींत आणि लहान मेंदूत. १९५३ मध्ये ज्याच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढून टाकला गेला, तो एच. एम. नावाने ओळखला जाणारा रुग्ण आरशात बघून चांदणी गिरवायला शिकला. रोज त्याचा हात सुधारत होता आणि रोज तो म्हणायचा, हे मी पहिल्यांदाच करतोय.

कानाचंही जाता जाता सांगतो. तोफेच्या आवाजाने आतल्या कानातल्या केसपेशी मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत, आणि पहिला मार बसतो ४,००० हर्ट्झच्या आसपास. आप्पांना ट्रॅक्टर ऐकू येतो, नातीचं बारीक बोलणं नाही. घरचे म्हणतात, हवं तेवढंच ऐकतात.

वासाची वाट तर सगळ्यात जवळची. इतर संवेदना मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबून पुढे जातात, वास थेट अमिग्डालाच्या दारात उतरतो. लक्ष्मीपूजनाला फटाके सुरू झाले की आप्पा आत जाऊन बसतात. आवाजाने नाही, कान तर गेलेलेच आहेत. बारुदाचा वास आला की बसतात. तरुणपणी असं होत नव्हतं, आजी होती तोवर ते दारात उभे राहून पोरांना फुलबाज्या लावून देत. बॉस्टनच्या ईव्ह डेव्हिसन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये नेमकं हेच मांडलं. लढाईनंतर ४०-५० वर्षं संसार, नोकरी, शेती नीट करणारी माणसं म्हातारपणी, जोडीदार गेल्यावर, सोबती एकेक करून गेल्यावर, अचानक युद्धाकडे परत वळतात. याला सरसकट आजार म्हणू नये, असं त्यांचं म्हणणं. त्याच्याही आधी, १९६३ मध्ये, रॉबर्ट बटलर या डॉक्टरने लिहिलं होतं की म्हाताऱ्या माणसाचं मागे वळून बघणं हे भ्रमिष्टपण नव्हे, तो हिशेब लावत असतो. झोप उडत असेल, दचकून उठत असतील, जेवण तुटलं असेल, तर मात्र डॉक्टर गाठावा. १९८० पासून त्या त्रासाला वैद्यकाच्या पुस्तकात नाव आहे आणि त्यावर उपचारही आहेत.

ते पत्र मी आप्पांना वाचून दाखवलं होतं. त्यांनी भिंग मागितलं, स्वतः वाचलं, अक्षर आपलंच असल्याची खात्री केली, घडी घालून ट्रंकेत ठेवलं. काही बोलले नाहीत. महिन्याभराने गावातला एक पोरगा भरतीच्या तयारीसाठी विचारायला आला आणि आप्पा ओसरीवर खुलले. मी आतून कान देऊन होतो. खड्डा आला, थंडी आली, डिसेंबरची संध्याकाळ आली. मग सुभेदार साहेब आले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. लांबून चालत आले, म्हणाले आप्पा, आणि त्यांच्या हातात ट्रान्झिस्टर होता.