गुरुत्वीय लहरींची नोटबुक नक्की चालते कुणाच्या कॉम्प्युटरवर?

११ फेब्रुवारी २०१६ ला लायगोवाल्यांनी (लायगो म्हणजे ह्या लहरी टिपणारे अमेरिकेतले डिटेक्टर) गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळातले हेलकावे, सापडल्याचं जाहीर केलं, ते बहुतेकांना आठवत असेल. त्याच दिवशी अजून एक गोष्ट झाली जी बातम्यांमध्ये फारशी आलीच नाही. पेपरसोबत त्यांनी सिग्नलच्या आजूबाजूचा डेटा आणि तो कसा वाचायचा हे पायरीपायरीने दाखवणारी पायथन ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली एक नोटबुक (कोड, आलेख आणि समजावणारा मजकूर एकाच पानावर, कोडचे तुकडे म्हणजे सेल एकेक करून चालवायचे) पण सगळ्यांसाठी खुली करून टाकली. लायगोचं ओपन सायन्स सेंटर आधीपासून होतंच, २०१४ मध्ये त्यांनी जुन्या रनचा (निरीक्षणाच्या सत्राचा) डेटा बाहेर काढला होता, पण त्यात सिग्नल काही नव्हता त्यामुळे बाहेरच्या कुणी फार ढुंकून बघितलं नसावं असं मला वाटतं.

आता ह्या नोटबुकमध्ये होतं काय ते बघा. हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन, दोन डिटेक्टर, दोघांची एकेक फाइल, ३२ सेकंदांचा डेटा, सेकंदाला ४०९६ सॅम्पल, फाइल जेमतेम १ एमबीच्या घरातली, आणि त्या ३२ सेकंदांच्या मधोमध कुठेतरी ०.२ सेकंदाचा तो सिग्नल. नुसता आलेख काढला तर काहीच दिसत नाही, सगळा गोंगाट. मग पुढच्या सेलमध्ये गोंगाटाचा स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती गोंगाट) काढायचा, त्यात ६० हर्ट्झला एक सुळका दिसतो, तो अमेरिकेतल्या घरगुती विजेचा (आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हिंगोलीत औंढ्याजवळचं लायगो-इंडिया सुरू झालं की तिथला सुळका ५० वर दिसायला हरकत नाही). मग डेटा व्हाइटन करायचा (जिथे गोंगाट जास्त तिथला भाग दाबायचा), फिल्टर लावायचा, लिव्हिंगस्टनचा आलेख उलटा करून ७ मिलिसेकंद सरकवायचा की दोन्ही रेषा एकमेकींवर बसतात. शेवटी त्याची ऑडिओ फाइल करायची, फ्रिक्वेन्सी ४०० हर्ट्झने वर चढवून, कारण मूळ आवाज आपल्या कानाला फार खालचा लागतो.

हे सगळं भारी आहे पण चालवायचं कुठे? सांगायची गोष्ट खरं म्हणजे ही आहे. नोटबुक लिहिणं त्या मानाने सोपं, ती चालवायला कॉम्प्युटर कुणी द्यायचा हा प्रश्न खगोलवाल्यांना पहिल्यापासून छळतोय.

जुन्या काळी प्रश्नच नव्हता, कारण सगळं तुमच्याच मशीनवर. १९८१ पासून अमेरिकेतल्या टूसॉनला आयराफ नावाचं सॉफ्टवेअर बनायला लागलं आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं दुर्बिणीचा डेटा म्हटलं की आयराफ हे ठरलेलं. ज्यांनी ते इन्स्टॉल केलंय त्यांना विचारा, ट्युटोरियल राहिलं बाजूला, आधी टर्मिनलची झटापट. दुसरा पर्याय आयडीएल ही प्रोग्रॅमिंगची भाषा, पण त्याला लायसन्सचे पैसे. मग हबलचा कारभार बघणाऱ्या बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप इन्स्टिट्यूटने आयराफवर पायथनचा साज चढवला, पायराफ, आणि खगोलात पायथन शिरला तो तिथून. दुसरीकडे २००१ मध्ये कोलोरॅडोत फिजिक्सची पीएचडी करणाऱ्या फर्नांडो पेरेझने आयपायथन (पायथन एकेक ओळ देऊन चालवायची सोय) लिहिलं, ते डिसेंबर २०११ मध्ये ब्राउजरमध्ये चालणाऱ्या नोटबुकपर्यंत पोचलं. ज्याने त्याने खगोलासाठी आपापलं वेगळं पॅकेज (तयार कोडचा संच) लिहायचं थांबवून सगळ्यांनी मिळून एकच करू असं म्हणत अ‍ॅस्ट्रोपाय सुरू झालं ते पण २०११ मध्येच. नोटबुकच्या प्रकल्पाचं नाव २०१४ मध्ये ज्युपिटर झालं.

तोवर ह्या नोटबुका ऑनलाइन नुसत्या बघता यायच्या. गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) २०१५ पासून त्या नीट दिसायला लागल्या, पण दिसणं वेगळं आणि चालणं वेगळं, आकडा बदलून शिफ्ट-एंटर मारून सेल चालवता आला नाही तर ते पीडीएफच झालं की. चालवून दाखवायचा गाजलेला डेमो नेचर ह्या विज्ञानपत्रिकेने नोव्हेंबर २०१४ मध्ये केला, लेखासोबत लिंक, क्लिक केलं की रॅकस्पेस कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्यापुरती एक तात्पुरती नोटबुक उघडायची, टॅब बंद केला की सगळं गायब.

तीच कल्पना पुढे नेली बाइंडरने, २०१६ मध्ये, आणि गंमत म्हणजे ते खगोलवाल्यांचं नाही, मेंदूवर काम करणाऱ्या जनेलिया ह्या अमेरिकेतल्या संशोधन केंद्राच्या लॅबमधून आलं. गिटहबची लिंक द्यायची, त्यात कुठली पॅकेजेस लागतात त्याची यादी असली की बाइंडर त्याची इमेज (सगळं आधीच बसवलेली तयार पेटी) बांधतं आणि कुणालाही, लॉगिनशिवाय, फुकटात चालवायला देतं. मेमरी १-२ जीबी, दहा मिनिटं हात लावला नाही की बंद. २०१७ मध्ये ज्युपिटरच्या टीमने ते हातात घेऊन नव्याने लिहिलं. ही म्हणजे पाणपोईच, प्यायला कुणीही यावं, पण माठ रोज कुणीतरी भरायला पाहिजे. आणि फुकट सीपीयू दिसला की क्रिप्टो मायनिंगवाले टपकणारच, त्यांना हुडकून हाकलायला बाइंडरवाल्यांना वेगळा प्रोग्रॅम लिहायला लागला! माठ भरण्यात मोठा वाटा गुगलच्या क्लाउड क्रेडिटचा (फुकट सर्व्हर वापरायच्या मदतीचा) होता, ते २०२३ मध्ये संपलं आणि बाइंडरची क्षमता एकदम खाली आली. लायगोच्या नोटबुकांना चालवायचं एक बटण बाइंडरचं आणि दुसरं मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर नोटबुक्सचं असायचं, ती सेवाच २०२०-२१ मध्ये गुंडाळली गेली. आता सर्रास कोलॅब (गुगलच्या सर्व्हरवर नोटबुक चालवायची सेवा) वापरतात, पण त्याला गुगलचं अकाउंट लागतं आणि आत काय इन्स्टॉल असेल ते गुगल ठरवणार. म्हणून लायगोच्या वर्कशॉपच्या नोटबुकमध्ये सुरुवातीलाच पिप इन्स्टॉलचा (पॅकेजेस उतरवून घ्यायच्या आज्ञेचा) सेल असतो, पॅकेजच्या व्हर्जन नंबरासकट, आणि वर लिहिलेलं असतं की कोलॅबसारख्या क्लाउडवर असाल नाहीतर आधी इन्स्टॉल केलं नसेल तरच हा चालवा. नंबर टाकणं ही हौस नाही हो, व्हर्जन बदललं की नोटबुक अडू शकते. २०१९ मध्ये गिटहबवरच्या सुमारे १४ लाख नोटबुका तपासणारा एक अभ्यास आला होता, त्यात एरर न येता चाललेल्या निघाल्या २४ टक्के आणि मूळचंच उत्तर देणाऱ्या फक्त ४.

एवढा उपद्व्याप कशासाठी असं वाटत असेल तर २०१७ चा किस्सा ऐका. कोपनहेगनच्या नील्स बोर इन्स्टिट्यूटमधल्या काही जणांनी तोच खुला डेटा घेऊन म्हटलं की सिग्नल वजा केल्यावर जो गोंगाट उरतो त्यातही दोन डिटेक्टरांमध्ये ७ मिलिसेकंदांचाच संबंध दिसतोय, मग सिग्नलवर विश्वास कसा ठेवायचा? लायगोच्या इयन हॅरीने उत्तर दिलं, आणि नुसतं लेखी नाही, सोबत नोटबुक टाकली. फूरिए ट्रान्सफॉर्म (डेटातल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढायचं गणित) करताना डेटाच्या दोन्ही कडा हळूहळू शून्यावर आणल्या नाहीत तर खोटा संबंध दिसतो, घ्या, तुम्हीच चालवून बघा. वाद तिथे मिटला नाही, पुढेही चालू राहिला, पण तिऱ्हाईत माणूस दोघांचं म्हणणं त्याच डेटावर स्वतः ताडून बघू शकत होता. मला तरी ह्या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा प्रसंग हाच वाटतो.

पण १ एमबीच्या फाइलचं कौतुक तिथपर्यंतच. आकाशाच्या मोठ्या सर्व्हेंचा डेटा डाउनलोड करणं शक्यच नाही, तिथे उलटा विचार लागतो, डेटा जिथे आहे तिथेच कोड पाठवा. हे डेटाबेसवाले जिम ग्रे आणि खगोलवाले अलेक्स झालाय स्लोन ह्या आकाशाच्या सर्व्हेच्या वेळेपासून सांगत होते, २००१ चं स्कायसर्व्हर (त्या सर्व्हेचा डेटा सगळ्यांना देणारी वेबसाइट) त्यातूनच आलं आणि पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं सायसर्व्हर, ज्यात डेटाला लागूनच नोटबुक मिळते. आयराफचं गाव टूसॉन, तिथेही २०१७ पासून अशीच डेटा लॅब आहे. चिलीतली रुबिन वेधशाळा तर रात्रीला सुमारे २० टेराबाइट काढणार, त्यामुळे तिने लोकांना २०२१ पासूनच, दुर्बीण पूर्ण व्हायच्या आधी, कॉम्प्युटरवर बनवलेल्या खोट्या डेटावर नोटबुका चालवायला देऊन तालीम करून घेतली, खऱ्या आकाशाचा पहिला डेटा आला जून २०२५ मध्ये. फक्त लॉगिन लागतं आणि ते डेटावर हक्क असलेल्यांनाच, कुणीही या आणि चालवा असं नाही.

ह्याच्या बरोबर विरुद्ध टोकाला सर्व्हरच नको म्हणणारे आहेत. मोझिलामध्ये २०१८ च्या सुमारास मायकल ड्रोटबूमने पायोडाइड सुरू केलं, अख्खा पायथन ब्राउजरच्या आत, आणि हा माणूस आधी त्याच स्पेस टेलिस्कोप इन्स्टिट्यूटमध्ये होता. त्यावर २०२१ मध्ये ज्युपिटरलाइट, म्हणजे ब्राउजरच्या आतच चालणारी नोटबुक, आलं. ना लॉगिन, ना कुणाचं क्रेडिट संपायची भीती, तुमचाच लॅपटॉप राबतो. लायगोची ३२ सेकंदांची फाइल त्यात आरामात मावते. रुबिनच्या कॅमेऱ्याचा एक अख्खा फोटो मात्र ३२०० मेगापिक्सेलचा, पिक्सेलला दोन बाइट धरले तरी ६ जीबीच्या वर जातो, आणि पायोडाइडची मेमरी ४ जीबीलाच थांबते.