नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट

पाण्यात विद्युतभार धारण न करणाऱ्या, म्हणजे अनायनी, पृष्ठसक्रिय (तेलकट मळ पाण्यात मिसळवणाऱ्या) पदार्थांचा एक गट. लोकर धुणे, कापड व चामड्यावरील प्रक्रिया, रंग, कीटकनाशके अशा अनेक ठिकाणी तो वापरला गेला. याच्या रेणूत तेलाशी जमणारे नोनिलफेनॉल आणि पाण्याशी जमणारी इथिलीन ऑक्साइडची साखळी असते.

सांडपाणी केंद्रातले जिवाणू ही साखळी दुव्यादुव्याने तोडतात. फेस जातो, पदार्थ नाहीसा झाल्यासारखा दिसतो. पण साखळी जितकी आखूड होते, तितका उरलेला रेणू पाण्यात कमी विरघळतो आणि जलचरांना अधिक विषारी ठरतो. ऑक्सिजन नसलेल्या गाळटाक्यांत अखेर नोनिलफेनॉल उरते. त्यातील नऊ कार्बनांची फांद्या असलेली शृंखला जिवाणूंना सहज तोडता येत नाही, म्हणून ते गाळाला चिकटून राहते. १९८४ मध्ये वॉल्टर गिगर व सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधील सांडपाण्याच्या गाळात ते साठल्याचे दाखवले. 'विघटन झाले' एवढ्यावर समाधान मानणे किती अपुरे आहे, हे या शोधाने स्पष्ट झाले.

दुसरा धोका प्रयोगशाळेत अनपेक्षितपणे सापडला. अमेरिकेत अ‍ॅना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन यांच्या प्रयोगातील स्तनकर्करोगाच्या पेशी इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक न घालताही वाढू लागल्या. प्लॅस्टिकच्या नळ्यांतून पाझरलेले, इस्ट्रोजेनसारखे काम करणारे नोनिलफेनॉल त्याला कारण होते (१९९१). पुढे ब्रिटनमध्ये नर ट्राउट माशांवर या पदार्थाचे प्रयोग झाले. अंड्यातील बलकासाठी माद्यांच्या यकृतात तयार होणारे व्हिटेलोजेनिन हे प्रथिन नरांतही आढळले आणि त्यांच्या वृषणांची वाढ खुंटली. लोकर धुणाऱ्या गिरण्यांचे सांडपाणी घेणाऱ्या यॉर्कशायरच्या एअर नदीतही असे परिणाम दिसले.

युरोपीय संघाने २००३ च्या निर्देशाने बहुतेक वापरांत ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. नद्यांसाठीचे तेथील वार्षिक सरासरी मानक लिटरमागे ०.३ मायक्रोग्रॅम आहे. पर्याय म्हणून आलेली सरळ शृंखलेची अल्कोहोल इथॉक्सिलेटे मूळ स्वरूपात माशांना अपायकारकच आहेत, मात्र त्यांचे विघटन कार्बन डायऑक्साइड व पाण्यापर्यंत पोचते.

आयात कापड ही वाट मात्र उघडी होती. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने २०११ मध्ये तपासलेल्या ७८ कपड्यांपैकी ५२ मध्ये हे पदार्थ सापडले. घरच्या धुण्यात ते सुटून नाल्यात जातात. फेब्रुवारी २०२१ पासून युरोपात धुण्याजोग्या कापडात त्यांचे प्रमाण वजनाच्या ०.०१ टक्क्याहून कमी असावे लागते. सोलापूरहून तिकडे जाणाऱ्या टॉवेलांनाही हाच नियम लागू आहे.